मोजायला सगळे पुढे, अर्ज भरायला कोण?

स्पष्टच लिहितो. कोणाला लागलं तर लागू द्या.

22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसं मारली गेली. देशभर संताप होता, जळगाव-धुळ्यातही होता, आणि तो खराच होता. दोन दिवसांत केंद्र सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केल्याचं जाहीर केलं. मग टीव्हीवर आणि व्हॉट्सअॅपवर एकच यादी फिरायला लागली. महाराष्ट्रात पाच हजारांवर पाकिस्तानी. नागपूर 2458, ठाणे 1106, जळगाव 393. झालं. आपल्या गावातले ग्रुप पेटले. "बापरे, जळगावात एवढे पाकिस्तानी?" "यांना घर कोणी दिलं?" "हाकला सगळ्यांना."

ज्यांना हाकलायला निघालो होतो ते बहुतेक कोण? सिंधी हिंदू. सिंध प्रांतातून जीव, लेकीबाळी आणि देव वाचवून इकडे आलेले. काही जण तर वीस-वीस वर्षांपासून आपल्यातच राहतात. आपण त्यांच्याकडून कापड घेतो, मोबाईलचं कव्हर घेतो, दिवाळीला फरसाण घेतो. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा चालूच राहतील, हे परराष्ट्र मंत्रालयाने त्याच वेळी सांगितलं होतं. ती ओळ मात्र फॉरवर्ड झाली नाही. फॉरवर्ड झाला तो फक्त आकडा.

आणि गंमत बघा. ज्या ग्रुपवर 'हाकला' चाललं होतं, त्याच ग्रुपवर 2019 ला नागरिकत्व सुधारणा कायदा आला तेव्हा पेढ्यांचे फोटो होते. 'आपल्या बांधवांना न्याय मिळाला' म्हणून. बांधव तेच. वस्ती तीच. बदललं काय? फक्त आपला मूड.

माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. छळातून पळून आलेल्या माणसाला ना आपल्या घोषणेने काही मिळतं, ना आपल्या पेढ्याने. त्याला लागतो कागद. आणि कागद मिळण्यासाठी लागतो त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसणारा, त्याच्यासोबत फॉर्म भरणारा माणूस. तो माणूस आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी सरकारी खर्चाने, बोर्ड लावून, रोजच्या रोज बसवला पाहिजे. बाकी सगळं भाषण.

आता जरा मागे जाऊ, म्हणजे हे लोक 'परके' आहेत का ते कळेल.

जळगावात कंवरनगर आहे. किती जणांना माहीत आहे की ते नाव कोणाचं? भगत कंवरराम. सिंधमधले संत, भजन गाणारे. 1 नोव्हेंबर 1939 ला रुक स्टेशनवर, रेल्वेच्या डब्यात बसलेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. फाळणी व्हायला अजून आठ वर्षं होती. छळातून सुटलेल्या लोकांनी छळात गेलेल्या संताचं नाव वस्तीला दिलं. धुळ्यात साक्री रोडला कुमारनगर आहे. तीही अशीच, फाळणीत सगळं सोडून आलेल्यांनी उभी केलेली वस्ती. रिकाम्या हाताने आलेल्या या लोकांनी आधी फेरी केली, मग टपरी टाकली, मग दुकान. आज आपल्या बाजारपेठांचं त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

पण त्या पहिल्या पिढीला कर्तृत्वाच्या जोडीला आणखी एक गोष्ट मिळाली होती. सरकारने त्यांच्यासाठी टेबल मांडलं होतं. निर्वासितांचे कॅम्प होते, रेशन होतं, पुनर्वसनाचं वेगळं खातं होतं. तिकडे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांसाठी 1950 ला कायदा झाला, भरपाईसाठी 1954 ला दुसरा. जुन्या सिंधी घरात 'क्लेम' हा शब्द आजही आजोबांच्या तोंडी असतो. आणि नागरिकत्व? राज्यघटनेचं कलम 6 काढून वाचा. 19 जुलै 1948 च्या आधी आलेला असेल आणि तेव्हापासून इथेच राहत असेल, तर वेगळा अर्जसुद्धा नाही. त्यानंतर आला असेल, तर सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून नोंदणी. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं की हक्क नुसता लिहून चालत नाही, अर्ज घेणारा माणूसही नेमावा लागतो.

आज पंच्याहत्तर वर्षांनंतर तेच आपण विसरलो.

'आता कशाला येतात? फाळणी होऊन किती वर्षं झाली?' असं विचारणारे भेटतात. त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. नोव्हेंबर 2016 मध्ये सिंधच्या विधानसभेने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध विधेयक एकमताने मंजूर केलं. धार्मिक संघटनांनी दबाव आणला, राज्यपालांनी सही केली नाही, विधेयक बासनात. म्हणजे हिंदूंच्या अल्पवयीन मुली पळवून धर्म बदलून लग्न लावतात, हे तिथल्याच विधानसभेने मान्य केलं आणि थांबवण्याची ताकद तिच्यात नव्हती. दुसरी गोष्ट, सप्टेंबर 2019. घोटकी शहरात एका हिंदू मुख्याध्यापकावर ईशनिंदेचा आरोप झाला. जमावाने शाळा फोडली, मंदिर फोडलं. ज्याच्या घरात चौदा वर्षांची पोरगी आहे, त्याने अशा गावात कशाच्या भरवशावर राहायचं?

तो निघतो. यात्रेचा किंवा नातेवाइकांना भेटण्याचा व्हिसा काढतो आणि इकडे येतो. मग खरा खेळ सुरू होतो, कागदाचा.

आपल्याला वाटतं, आला की झालं, 'आपला देश आहे ना.' नाही भाऊ. जगातल्या पुष्कळ देशांत छळामुळे आलेला माणूस 'मला आश्रय द्या' असा अर्ज करतो आणि सरकारला तो तपासावा लागतो. आपल्याकडे तसा कायदाच नाही. 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. 2025 मध्ये परकीय नागरिकांविषयीचे चार जुने कायदे मोडून एक नवा कायदा केला, त्यातही निर्वासिताला स्वतंत्र दर्जा दिला नाही. गृह मंत्रालयाने 2011 मध्ये ठरवलेली एक कार्यपद्धती आहे. छळाची भीती प्रथमदर्शनी खरी वाटली, तर त्या माणसाला दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येतो. पण ती कार्यपद्धती आहे, कायदा नव्हे. हक्क नाही, मेहेरबानी.

मग हा माणूस काय करतो? दीर्घ मुदतीचा व्हिसा काढतो, मुदत संपत आली की वाढवतो, पोलिसांकडे नोंद ठेवतो आणि नागरिकत्वाची वाट बघतो. 2016 मध्ये केंद्राने या व्हिसावाल्यांना काही सवलती दिल्या: बँकेत खातं, स्वतः राहण्यापुरतं घर, पॅन, आधार, वाहन परवाना. नागरिकत्व नोंदणीची फी तीन ते पंधरा हजारांवरून शंभर ते पाचशे रुपयांवर आणली. चांगलं केलं. पण फी कमी झाली म्हणजे रस्ता सोपा झाला असं नाही.

आता आपल्या जिल्ह्यांचं बघा. डिसेंबर 2016 मध्ये केंद्राने या अल्पसंख्याक अर्जदारांना थेट नागरिकत्व देण्याचे अधिकार देशातल्या 16 जिल्ह्यांच्या कलेक्टरांना दिले. महाराष्ट्रातले जिल्हे कोणते? नागपूर, मुंबई, पुणे, ठाणे. जळगाव नाही. धुळे नाही. मे 2021 मध्ये आणखी 13 जिल्हे घेतले, त्यात महाराष्ट्राचा एकही नव्हता. ऑक्टोबर 2022 मध्ये गुजरातचे आणंद आणि मेहसाणा. म्हणजे एप्रिल 2025 ला जे जळगाव पाकिस्तानी मोजण्याच्या यादीत राज्यात तिसरं होतं, ते नागरिकत्व देण्याच्या या तिन्ही याद्यांत कुठेच नव्हतं. नागपूरच्या माणसाचं काम नागपुरात, आपल्या माणसाची फाईल कलेक्टर कचेरीतून मुंबईला. या काळात आपल्याकडून निवडून गेलेले आमदार होते, खासदार होते, मंत्रीसुद्धा होते. 'बांधव बांधव' करणाऱ्या किती जणांनी यावर आवाज चढवला, ते तुम्हीच आठवून बघा.

मग 2019 चा कायदा. संसदेत पास डिसेंबर 2019 ला, आणि त्याचे नियम आले 11 मार्च 2024 ला. चार वर्षं तीन महिने कायदा नुसता कागदावर होता. नियम आले तेव्हा लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. योगायोग म्हणा.

हे नियम एकदा शांतपणे वाचा, मग कळेल मी खुर्चीचा आग्रह का धरतो. अर्ज ऑनलाइन. फॉर्म एक नाही. मूळ भारतीय वंशाच्या माणसाला वेगळा, भारतीयाशी लग्न केलेल्याला वेगळा, अज्ञान मुलाला वेगळा, बाकीच्यांना वेगळा. तुम्ही तिकडचे आहात हे दाखवायला नऊ प्रकारच्या कागदांपैकी एक. 31 डिसेंबर 2014 च्या आत आलात हे दाखवायला वीस प्रकारांपैकी एक: विजेचं बिल चालेल, रेशनकार्ड चालेल, शाळेचा दाखला चालेल, नगरसेवकाचं किंवा ग्रामपंचायत सदस्याचं प्रमाणपत्र चालेल. मुदत संपलेला कागदसुद्धा चालतो. शिवाय समाजातल्या मान्यताप्राप्त संस्थेचं पात्रतेचं पत्र आणि प्रतिज्ञापत्र.

अर्ज तपासायला जिल्हा समिती. तिचे प्रमुख कोण? कलेक्टर नाही, एसपी नाही. पोस्टाचे अधीक्षक! समितीत निमंत्रित म्हणून नायब तहसीलदार दर्जाचा एक प्रतिनिधी आणि रेल्वेचे स्टेशन मास्तर. नागरिकत्वासाठी पोस्टात जायचं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? मग सक्कर किंवा घोटकीहून आलेल्या, मराठी जेमतेम समजणाऱ्या बाईला कुठून माहीत असणार? समितीपुढे स्वतः हजर राहून शपथ घ्यावी लागते. वारंवार संधी देऊनही हजर राहिला नाही, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. भाड्याची खोली बदलली, मोबाईल नंबर बदलला, बोलावणं पोहोचलं नाही, की गेली संधी.

आणि भाषा? हे कोणी बोलतच नाही. तिकडचा शाळेचा दाखला, जन्माची नोंद, ओळखपत्र, जमिनीचा उतारा कशात असतो? सिंधी अरबी लिपीत, नाहीतर उर्दूत. आपल्याकडच्या सिंधी घरातली नवी पिढी सिंधी बोलते, पण ती लिपी वाचू शकणारे आता बहुतेक ऐंशीच्या पुढचे. कागद हातात असून वाचणारा नाही. म्हणजे पुरावा असून नसल्यासारखा.

जिथे सरकारी खुर्ची रिकामी असते तिथे कोण बसतो, हे आपल्याला सांगायला नको. एजंट. तहसीलला जातीच्या दाखल्याला बसतो, आरटीओला लायसनला बसतो, तोच. इथे तर गिऱ्हाईक घाबरलेलं असतं. आवाज करू शकत नाही, तक्रार करू शकत नाही, कारण 'तू पाकिस्तानी' एवढं म्हटलं की त्याचं तोंड बंद. मूळ कागद ठेवून घेणं, 'दिल्लीत माझी ओळख आहे' म्हणून पैसे मागणं, चुकीचा फॉर्म भरून मोकळं होणं, याची दाद तो कुठे मागणार?

मे 2025 चं उदाहरण घ्या. सरकारने सांगितलं, दीर्घ मुदतीच्या व्हिसावाल्या सर्व पाकिस्तानी नागरिकांनी 10 मे ते 10 जुलै या दोन महिन्यांत ऑनलाइन पुन्हा अर्ज करायचा. सुरक्षेच्या दृष्टीने नोंदी ताज्या करणं समजू शकतो. पण दोन महिन्यांत घरातल्या प्रत्येकाचे फोटो, कागद स्कॅन करून पोर्टलवर चढवायचे, सर्व्हर चालू असेल तेव्हा. आपल्या शेतकऱ्याला पीक विम्याचा फॉर्म भरताना काय होतं ते आठवा. रात्री दोन वाजता केंद्रावर रांग. तिथे चुकलं तर विमा जातो. इथे चुकलं तर देश जातो.

हे अतिशयोक्तीने नाही म्हणत. राजस्थानात काय झालं ते बघा. 2021 या एका वर्षात सुमारे 800 पाकिस्तानी हिंदू राजस्थानातून परत पाकिस्तानात गेले, असं या लोकांसाठी काम करणाऱ्या सीमांत लोक संघटनेने सांगितलं. का? नागरिकत्वाचा अर्ज पुढे सरकेना. पोर्टलला मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्ट चालेना, आणि तो नवा करायचा तर दिल्लीत पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयात जाऊन पैसे भरायचे. ज्या सरकारच्या राज्यातून पळून आलो त्याच्याच दारात फी घेऊन उभं राहायचं! ज्या दिवशी छळ सोसणारा माणूस 'इथल्या कागदापेक्षा तिथला छळ बरा' म्हणून परत फिरतो, त्या दिवशी आपली सगळी भाषणं खोटी ठरतात.

आता तुमचे आक्षेप. कमेंटमध्ये येणारच आहेत, म्हणून आधीच घेतो.

पहिला: "आधी आपल्या लोकांचं बघा." बघूच. पण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. यावल-रावेरच्या सातपुड्यातला, साक्री-शिरपूरचा आदिवासी वनहक्काच्या दाव्यासाठी वर्षानुवर्षं काय करतो? 2006 चा कायदा आहे, 13 डिसेंबर 2005 ही तारीख आहे, त्याआधीपासून जमीन कसतोस याचा पुरावा आण म्हणतात. जिथे संघटनेचा कार्यकर्ता शेजारी बसला, नकाशा काढला, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले, तिथे दावा उभा राहिला. जिथे कोणी बसलं नाही, तिथे 'पुरावा अपुरा' असा शिक्का. तीच तारीख, तोच पुरावा, तोच शिक्का. अर्जदाराशेजारी खुर्ची टाकायची सवय आपल्या प्रशासनाला एकदा लागली, तर फायदा भिल्ल-पावऱ्यालाही होईल आणि सिंध्यालाही.

दुसरा: "सुरक्षेचं काय?" अगदी बरोबर प्रश्न. पण उत्तर उलटं आहे. अर्ज केलेला माणूस सरकारच्या नजरेसमोर असतो. त्याचा पत्ता, फोटो, नातेवाईक, सगळं फाईलमध्ये, पोलीस चौकशी झालेली. अर्ज न केलेला, घाबरून पत्ता बदलत फिरणारा, एजंटच्या हातात कागद देऊन बसलेला माणूस कोणाच्याच नजरेत नसतो. पहलगामनंतर काही पाकिस्तानी सापडतच नाहीत अशा बातम्या चालल्या, मुख्यमंत्र्यांना 'कोणीही बेपत्ता नाही' असा खुलासा करावा लागला. नोंदी चोख असत्या तर ही वेळ आली असती का? अर्जाला मदत करणं म्हणजे सुरक्षेला मदत करणं.

तिसरा आक्षेप माझ्या पुरोगामी मित्रांचा: "तो कायदाच धर्मावर आधारलेला आहे, आपण कशाला हातभार लावायचा?" कायद्यावर माझंही मत तुमच्यासारखंच आहे. छळ धर्म विचारून होतो हे खरं, पण आश्रय धर्म विचारून देऊ नये. पाकिस्तानने 1974 मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवलं, त्यांचा छळ होतो, ते आपल्या यादीत नाहीत. अफगाणिस्तानातले हजारा नाहीत. म्यानमारचे रोहिंग्या नाहीत. हे चूकच. पण मित्रा, कायद्याला विरोध कर, मोर्चा काढ, कोर्टात जा. खिडकीसमोर उभ्या असलेल्या बाईला फॉर्म भरून दिला नाही म्हणून कायदा बदलणार नाही, फक्त ती बाई बुडेल. जो पुढे बसलाय त्याचं काम करायचं आणि जो यादीबाहेर ठेवलाय त्याच्यासाठी भांडायचं, दोन्ही एकदम करता येतं.

आणि पेढेवाल्या मित्रांनो, तुमच्या यादीतही भोक आहे. 31 डिसेंबर 2014 च्या रात्री बारा वाजता सिंधमधला छळ थांबला का? घोटकी 2019 ला घडलं. त्यानंतर जीव घेऊन आलेला हिंदू तुमच्या कायद्यात बसत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने आदेश काढला, 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्यांवर पासपोर्ट-व्हिसा नाही म्हणून कारवाई नाही. चांगलं आहे. पण ती फक्त शिक्षेतून सूट आहे, नागरिकत्व नव्हे. त्याला नेहमीच्या रस्त्याने जायचं: मूळ भारतीय वंशाचा असेल तर सात वर्षं वास्तव्य, नाहीतर बारा. आणि मूळ भारतीय वंशाचा म्हणजे तरी कोण? तो स्वतः किंवा त्याच्या आईबापांपैकी एक जण अखंड भारतात जन्मलेला. समजा एखाद्याचा आजा 1940 ला शिकारपुरात जन्मला, बाप आणि आई 1965 नंतर. तर पोरगा कायद्याने भारतीय वंशाचाच नाही! अखंड भारताच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे एवढं तरी दुरुस्त करून घ्यावं.

मदत करायची आपली परंपरा नाही, असंही कोणी म्हणू नये. कोल्हापूरजवळ वळिवडे आहे. दुसऱ्या महायुद्धात 1943 पासून 1948 पर्यंत तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बाया आणि पोरं. स्टालिनच्या छळछावण्यांतून सुटून आलेली. धर्म वेगळा, रंग वेगळा, भाषेचा एक शब्द कळत नव्हता. त्यांच्यासाठी घरं झाली, शाळा झाल्या, दवाखाना झाला. ती पोरं म्हातारी झाल्यावर पोलंडहून कोल्हापूर बघायला आली. आज आपण त्याचा अभिमान सांगतो. पाच हजार परक्या माणसांना सांभाळणारा महाराष्ट्र आपल्याच बाजारात बसणाऱ्या काही शे माणसांचे फॉर्म भरू शकत नाही?

कायदेशीर बाजूही कच्ची नाही. घटनेचं कलम 21 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने अरुणाचलच्या चकमांच्या खटल्यात सांगितलं की इथे राहणाऱ्या प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण ही राज्याची जबाबदारी आहे, तो नागरिक असो वा नसो. त्या खटल्यात आणखी एक गोष्ट होती. चकमांचे नागरिकत्वाचे अर्ज स्थानिक पातळीवर अडकवून ठेवले जात होते, आणि कोर्टाने ते पुढे पाठवायला लावले. तीस वर्षांपूर्वी कोर्टाला कळलं होतं की माणूस सीमेवर अडत नाही, टेबलावर अडतो.

म्हणून मागणी. लंबीचौडी नाही, बजेटमध्ये न दिसेल एवढ्या खर्चाची.

एक. जळगाव आणि धुळे, दोन्ही कलेक्टर कचेऱ्यांत कायमचा मदत कक्ष. चार दिवसांचं शिबिर नको. शिबिरात फोटो निघतात, पाहुणे येतात आणि मंडप उठला की अर्जदार पुन्हा एकटा. रोजचं टेबल, वेळ लिहिलेला बोर्ड, आणि कोणाला कोणता फॉर्म, कोणते कागद, याची यादी मराठी, हिंदी आणि सिंधीत भिंतीवर.

दोन. अनुवादकांचं मंडळ. अरबी लिपीतली सिंधी वाचणारे आजोबा अजून आहेत, त्यांना मानधन देऊन बसवा. उर्दू कागदांसाठी जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या उर्दू शाळांतले शिक्षक आहेत. सिंधमधून पळून आलेल्या हिंदूचा दाखला धुळ्याचा मुसलमान मास्तर वाचून देईल. हे दृश्य दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना परवडणारं नाही, म्हणूनच ते व्हायला पाहिजे.

तीन. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने या अर्जदारांसाठी वकील नेमावेत. दोन्ही शहरांत लॉ कॉलेज आहेत, विद्यापीठ आहे. पोरं कॉलेजात कायदा पाठ करतात, आठवड्यातून एक दिवस तो वापरून बघू द्या.

चार. अर्ज नाकारला किंवा परत पाठवला तर कारण लेखी आणि समजेल अशा भाषेत. 'कागद कमी आहेत' हे कारण नव्हे. कोणता कागद, ते लिहा.

पाच. आपल्या खासदारांनी आश्रयाच्या कायद्याबद्दल संसदेत बोलावं. 2015 मध्ये असा कायदा मागणारी खासगी विधेयकं शशी थरूर यांनीही मांडली आणि वरुण गांधी यांनीही. म्हणजे हा एका पक्षाचा विषय नाही. धर्म आणि तारीख यांच्याऐवजी 'छळाची भीती खरी आहे का' एवढंच तपासणारा कायदा. जोवर तो होत नाही, तोवर प्रत्येक नवी लाट, प्रत्येक नवी निवडणूक, नवी यादी.

सिंधी समाजातल्या मोठ्या मंडळींनाही हात जोडून एक सांगतो. तुमच्या आजोबांचा क्लेम कोणीतरी भरून दिला होता. आज तुमच्या संस्थेचं पात्रतेचं पत्र हा कायदेशीर कागद आहे. ते देताना कोणी पैसे मागत असेल तर त्याला दारातच थांबवा. आणि जो मदतीला बसेल त्याने एक पथ्य पाळावं: खोटी तारीख घालायची नाही, बनावट कागद लावायचा नाही, मूळ कागद स्वतःकडे ठेवायचा नाही, 'होईलच' अशी हमी द्यायची नाही. एका खोट्या अर्जाने शंभर खरे अर्ज संशयात येतात.

आमच्या पत्रकार मंडळींना एवढंच: पुढच्या वेळी 'जळगावात इतके पाकिस्तानी' अशी हेडलाईन लावाल तेव्हा दुसरी ओळही लावा. त्यांपैकी किती जणांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि किती अर्ज किती वर्षं पडून आहेत. पहिला आकडा सहज मिळतो. दुसरा मागावा लागतो. मागा.

आमच्या खान्देशात एक ठरलेलं वाक्य आहे, "आपले काय करनं शे?" आपल्याला काय करायचंय? खूप काही करायचं आहे. या आठवड्यात दोन कामं करा. तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, तर त्यांना विचारा: व्हिसाची मुदत कधी संपते, अर्ज कुठे अडलाय, कोणाला पैसे दिलेत का. आणि तुमच्या आमदाराच्या, खासदाराच्या पोस्टखाली एकच प्रश्न लिहा: मदत कक्ष कधी? उत्तर आलं तर इथे टाका. नाही आलं तरी टाका, तेही लोकांना कळू द्या.

पोस्ट लांबली. पण या लोकांची फाईल याहून लांब आहे. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर मुद्द्याने भांडा. शिवीगाळ केलीत तर कमेंट उडवीन, आधीच सांगतो.